अव्वाचा फोटो राखाडी का येतो?

पत्र असं आहे:

काका, मी 24 वर्षांचा आहे. सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो आणि अक्कलकोट रोडला एका कारखान्यात मागावर काम करतो. मागच्या वर्षी सेकंडहँड डीएसएलआर घेतला, त्यावर 18-55 लेन्स आहे. मला ब्लॅक अँड व्हाइटच आवडतं, पण मी काढलेले सगळे फोटो राखाडी, मातकट येतात. काँट्रास्ट वाढवला की माणसाचं तोंड कोळसा होतं. तीन फोटो पाठवतोय, रंगीत आणि ब्लॅक अँड व्हाइट दोन्ही. एक आमच्या अव्वाचा म्हणजे आजीचा, विड्या वळतानाचा. दुसरा आमच्या शेडमधल्या मागाचा. तिसरा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतला, बाराबंदी घातलेल्या भक्तांचा. माझा मित्र म्हणतो, “फोटो बिघडला की ब्लॅक अँड व्हाइट कर बे, खपून जातो.” हे खरं आहे का? नवा कॅमेरा घेऊ, की रोलचा घेऊ? कॅमेरा काढला की अव्वा पदर सावरून ताठ बसते, तेही एक आहेच. तिचं आता वय झालंय. तिचा एक तरी फोटो नीट यावा, एवढंच मनात आहे.

प्रिय मित्रा,

वय कळवलंस म्हणून सरळ अरे-तुरे करतो. तुझे तिन्ही फोटो आधी मोबाईलवर पाहिले, मग मोठ्या पडद्यावर पाहिले. अव्वाचा तर छापून दोन दिवस टेबलावर ठेवला. तुझ्या पत्राचं शेवटचं वाक्य वाचून बाकीचे दोन बाजूलाच ठेवावेत असं आधी वाटलं. पण तिन्ही फोटो एकाच कारणानं हुकलेत, म्हणून तिन्हींबद्दल लिहितो. अव्वाबद्दल जास्त लिहीन.

आधी मित्राचं बघू. त्याचं म्हणणं खरं नाही. रंग काढला की ट्यूबचा हिरवटपणा आणि बल्बचा पिवळेपणा लपतो हे बरोबर. पण रंग गेल्यावर फोटोत उरतं काय? उजेड, आकार आणि पोत. रंग होता तोवर बघणाऱ्याचा डोळा लाल पदरावर अडकून राहत होता. तो पदर राखाडी झाला की त्या खोलीत उजेड कसा होता ते लगेच उघडं पडतं. बिघडलेला फोटो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जास्तच बिघडलेला दिसतो, आणि तुला ते दिसलं म्हणूनच तू पत्र लिहिलंस.

तू शटर दाबताना रंग बघतोस आणि रात्री घरी बसून ते काढून टाकतोस. मग मधे जे काही उरेल ते तुझ्या वाट्याला येतं. फोटोत काळं कुठं बसणार आणि पांढरं कुठं राहणार, हे शटर दाबण्याआधी ठरलेलं पाहिजे. मला सांगायचंय ते एवढंच. पण ते डोळ्यांत मुरायला वेळ लागतो, म्हणून फोटो समोर ठेवूनच बोलू.

अव्वा भिंतीला टेकून बसलीय. साडी लाल, भिंत हिरवी, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, डोक्यावर ट्यूब. रंगीत फाइलमध्ये ती भिंतीपासून छान सुटून दिसते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र भिंतीतच विरघळलीय. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. रंग काढताना सॉफ्टवेअर प्रत्येक रंगाचा उजळपणा मोजतं आणि त्यासाठी माणसाच्या डोळ्याचा हिशेब धरतं. आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो, त्याखालोखाल लाल, आणि निळा सर्वांत कमी. रूढ सूत्रात हिरव्याचा वाटा साधारण 59 टक्के, लालचा 30 आणि निळ्याचा 11 धरतात. त्यामुळे भडक लाल आणि गडदसर हिरवा हे रंग म्हणून एकमेकांपासून कितीही लांब असले, तरी उजळपणाच्या हिशेबात एकाच राखाडीवर येऊन बसू शकतात. तू रोज चादरी बघतोस, तिथंच ताडून बघ. लाल-हिरव्या चादरीचा फोटो काढ आणि रंग घालव. जिथं नक्षी लाल आणि हिरव्याच्या फरकावर उभी आहे तिथं ती पुसली जाईल, आणि जिथं तिला पांढऱ्या दोऱ्याची कड आहे तिथं टिकेल.

यावर पडद्यावरचा एक उपाय आहे. एडिट करताना ‘ब्लॅक अँड व्हाइट’ दाबून तिथंच थांबू नकोस. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याच्याखाली रंगांच्या पट्ट्या असतात: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. त्यातली हिरवी खाली ओढलीस की भिंत काळी पडेल आणि अव्वा पुढे येईल. पण हळू ओढ. जास्त ताणलीस तर साडीच्या कडेला पांढरी रेघ येते आणि भिंतीवर दाणे उठतात. हे करायला फाइल रॉ हवी, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली मूळ कच्ची फाइल; जेपीजी फार ताण सहन करत नाही. कॅमेऱ्यात रॉ आणि जेपीजी दोन्ही ठेव आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम कर. मग मागच्या पडद्यावर तुला ब्लॅक अँड व्हाइट दिसेल आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतील. सवय लागायला यासारखी दुसरी सोय नाही. फोटो काढला, मान खाली घातली, की साडी भिंतीत गेल्याचं तिथल्या तिथं कळतं. आणि तेव्हा अव्वा समोरच बसलेली असते.

पण हे सगळं दुय्यम. मुख्य काम फुकटात होतं. अव्वाला दाराजवळ आण.

उंबऱ्यावर नको, उन्हात तर नकोच. उंबऱ्यापासून दोन-अडीच हात आत, दार तिच्या एका बाजूला येईल अशी बसव. ट्यूब बंद कर, हे विसरू नकोस. ट्यूब चालू राहिली की वरून पडणारा सपाट उजेड दारातून येणाऱ्या उजेडाचं सगळं काम पुसून टाकतो. दाराचा उजेड एका बाजूनं येतो. तो एका गालावर पडतो, नाकाच्या पलीकडे उतरतो, सुरकुतीच्या एका काठावर थांबतो. तोच सुपातल्या पानांच्या शिरा उचलून दाखवतो. शिवाय दारापासून आत जाशील तसा तो झपाट्यानं कमी होत जातो, म्हणून मागची हिरवी भिंत आपोआप अंधारात जाते. रंगाच्या पट्टीला हात लावायची वेळच येत नाही.

दार पूर्वेला असेल तर हे दुपारनंतर कर, पश्चिमेला असेल तर सकाळी. समोरच्या अंगणात ऊन पडलेलं असावं पण दारात सावली असावी. त्या वेळी अंगणच मोठ्या दिव्यासारखं काम करतं. पलीकडचा गाल फारच काळा पडतोय असं वाटलं तर त्या बाजूला दोरीवर पांढरा टर्किश टॉवेल टाक. त्यावरून उजेड परतून गालावर येईल. सोलापुरात टॉवेलाला काय तोटा! टॉवेल जवळ आणलास की गाल उजळेल, लांब नेलास की उतरेल. हा खेळ तासभर कर, दहा व्हिडिओ पाहून कळणार नाही ते कळेल.

आता तिचं ताठ बसणं. तू ती अडचण म्हणून लिहिलंस, पण मला तसं वाटत नाही. पदर सावरून, पाठ ताठ करून, कॅमेऱ्याकडे बघत बसणं ही तिच्या पिढीची फोटोची रीत आहे. फोटो म्हणजे वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारी गोष्ट होती, आणि त्यात आपण नीटनेटकं दिसायचं असतं. म्हणून आधी तिला विचार, “अव्वा, तुझा कसला फोटो काढू?” ती म्हणेल नवी साडी नेसते, नाहीतर म्हणेल सगळ्यांना बोलाव. ती सांगेल तो फोटो आधी काढ, आणि वरवर उरकू नकोस. दाराजवळचा तोच उजेड घे, तोच टॉवेल घे, मन लावून काढ. तो तिचा फोटो. त्यानंतर विड्या वळतानाचा तुझा.

त्या दुसऱ्या फोटोसाठी चार-पाच दिवस कॅमेरा नुसता शेजारी ठेवून तिच्यापाशी बस. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं ठरते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिला थांबवू नकोस, “परत एकदा कर” म्हणू नकोस. कात्रीनं पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा गुंडाळणं, हे ती तुझ्या जन्माच्या आधीपासून करतेय. त्याचा एक ठेका असेल आणि त्यात एखादा क्षण हात थबकत असेल. तो क्षण कुठं येतो ते आधी नुसतं बघून ठेव. बोटांसाठी शटर सेकंदाच्या 1/125 पेक्षा हळू नेऊ नकोस. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, 1600 किंवा 3200 कर, दाण्यांना भिऊ नकोस. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते फारसे खुपत नाहीत. हललेली बोटं मात्र खुपतात.

यापुढचं मला मनापासून सांगायचंय. एडिटच्या पट्ट्यांमध्ये एक नारिंगी असते. आपल्या कातडीचा रंग मुख्यत्वे तिच्यात येतो. ती वर ओढली की चेहरा उजळतो, सुरकुत्या विरतात, आणि ‘मस्त’ दिसतं. अनेक तयार फिल्टर हेच गुपचूप करतात. तू ते करू नकोस. अव्वाला गोरी करू नकोस.

मी तरुणपणी एका स्टुडिओत निगेटिव्ह रिटच करायचो. निगेटिव्हवर आधी मीडियम, म्हणजे पेन्सिल धरून ठेवणारं द्रावण, चोळायचं आणि मग टोक काढलेल्या पेन्सिलीनं चेहऱ्याच्या सुरकुत्या भरायच्या. निगेटिव्हमध्ये जिथं शिसं बसतं तिथं प्रिंटवर उजेड येतो. सुरकुती बुजते, डोळ्याखालचं काळं जातं, माणूस दहा वर्षांनी तरुण आणि दोन छटांनी गोरा होतो. गिऱ्हाईक तेच मागायचं आणि माझा हात चांगला बसला होता. एकदा मी आईचा फोटो काढला आणि कुणी सांगितलं नसताना तिच्या निगेटिव्हवरही तेच केलं. तिला आवडेल असं वाटलं होतं. तिनं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला, “चांगलाय” म्हणाली आणि पेटीत ठेवला. आई गेली. तिचा मोठा असा तो एकच फोटो माझ्याकडे आहे. त्यात तिच्या कपाळावरच्या तीन रेघा नाहीत, त्या मी पुसल्या. ऊन पाहताना ती डोळे बारीक करायची तेव्हा त्या रेघा उमटायच्या. आज त्या मला फक्त आठवणीत बघता येतात.

म्हणून तिचा चेहरा जितका सावळा आहे तितका सावळाच ठेव. सावळ्या चेहऱ्याला उजळपणा लागत नाही, त्यावर एका बाजूनं उजेडाची कड लागते. ती दाराशी मिळते. अव्वाच्या गालाचं हाड, नाकपुडीची कड, कपाळाचा एक भाग चमकू दे. उरलेला चेहरा गडद राहू दे, फक्त त्यात कातडी दिसत राहिली पाहिजे. नुसता काळा डाग नको. तू काँट्रास्ट ओढल्यावर नेमका तोच डाग झाला, कारण काँट्रास्टची पट्टी सगळ्या फोटोला एकाच माऱ्यानं ढकलते. ती शून्यावर ठेव. सावल्या आणि उजळ भाग यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, त्या थोड्या थोड्या हलव.

आणि कुंकू. तुझ्या फोटोत अव्वाच्या कपाळावरचं कुंकू जवळजवळ दिसतच नाही, कारण कुंकवाचा लाल आणि कातडीचा रंगही एकाच राखाडीवर येऊन बसलेत. पंजोबांच्या काळातले जुने फोटो कुणाकडे असतील तर काढून बघ. त्यातल्या बायकांचं कुंकू काळंभोर दिसतं. तेव्हा निगेटिव्ह काचेच्या प्लेटवर निघायचं; त्या काचांवरच्या रसायनाला लाल रंग दिसतच नसे, आणि जे दिसत नाही ते प्रिंटवर काळं येतं. तांबडा धरून सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेट 1906 पासून बाजारात मिळू लागल्या, तरी जुन्या पद्धतीच्या प्लेटा पुढेही बरीच वर्षं वापरात होत्या. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता, तुझ्यापुढे आहे. लाल पट्टी थोडी खाली घे, कुंकू परत येईल. साडीही गडद होईल, आणि मग भिंत साडीहून जास्त गडद आहे ना हे पुन्हा बघावं लागेल. एक हलवलं की दुसरं हलतं. इथं घाई करून उपयोग नाही.

आता यात्रेचा फोटो. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली माणसं, खांद्यावर नंदीध्वज, वर जानेवारीचं स्वच्छ ऊन, आणि तुझ्या फोटोत सगळे जण धुळीत लोळून आल्यासारखे दिसतात. याचं कारण सोपं आहे. कॅमेऱ्याचं मीटर, म्हणजे त्यातली उजेड मोजणारी यंत्रणा, समोर काय आहे हे ओळखत नाही. समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून ते एक्स्पोजर ठरवतं. ही राखाडी म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण 18 टक्के परत फेकणारा पृष्ठभाग, असा जुना हिशेब आहे. समोर पांढऱ्या कपड्यांची गर्दी आली की मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि ते फोटो काळवंडून टाकतं. समोर म्हशींचा कळप आला तर उलटं होईल, म्हशी राखाडी होतील. म्हणून गड्ड्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +1 वर नेऊन ठेव, सगळी चौकट पांढऱ्यानं भरली असेल तर +1.5. पण वर नेताना एक जप. डिजिटलमध्ये पांढरं एकदा जळलं, म्हणजे नुसतं कोरं झालं, की त्यातून काहीच परत येत नाही. कॅमेऱ्यात जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती चालू कर. बाराबंदीच्या चुण्या आणि बंदांच्या गाठी दिसल्या पाहिजेत.

हे हाताला बसावं म्हणून घरी एक अभ्यास कर. दाराजवळ पांढरा टर्किश टॉवेल पसर आणि त्यावर भाकरीचा लोखंडी तवा ठेव. मीटर स्पॉटवर, म्हणजे फक्त मधला छोटा भाग मोजेल असं, ठेवून टॉवेल मोज आणि मॅन्युअलमध्ये त्याच आकड्यांवर फोटो काढ. टॉवेल राखाडी येईल. मग एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड दे, मग दोन. दोनवर टॉवेल पांढरा होईल आणि तरी त्याचा एकेक फासा सुटा दिसेल. आता फक्त तवा मोज. आधी तोही राखाडी येईल. दोन स्टॉप कमी कर, म्हणजे तवा काळा होईल आणि त्यावरचे ओरखडे राहतील. अमेरिकेत अॅन्सल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या फोटोग्राफरांनी 1940 च्या सुमारास हाच विचार पद्धतशीर बांधला आणि त्याला झोन सिस्टिम म्हणतात. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे 11 टप्पे, मीटर नेहमी पाचवा दाखवणार, आणि प्रत्येक स्टॉपला एक टप्पा सरकणार. तुझा टॉवेल सातव्यावर, तवा तिसऱ्यावर. या दोन्हींच्या मधे सगळं जग बसतं, अव्वाचा चेहरासुद्धा. तिचा गाल चौथ्यावर हवा की पाचव्यावर, हे मीटर सांगणार नाही, तूच ठरवायचंस. आठवडाभर हा टॉवेल-तवा केलास की रस्त्यावरून चालताना वस्तूंचे टप्पे दिसायला लागतील.

गड्ड्याबद्दल आणखी एक. पांढऱ्या माणसांमागे पांढरं आभाळ घेऊ नकोस. मिरवणुकीच्या वाटेवर आधीच फिरून काळी पार्श्वभूमी हेरून ठेव. एखादं मोठं झाड, सावलीतली भिंत, बंद दुकानाचं शटर. मग तिथं उभा राहा आणि माणसांना तुझ्या काळ्यात चालत येऊ दे. फोटोग्राफर माणसांमागे धावतो तेव्हा पार्श्वभूमी त्याच्या हातात राहत नाही. यात्रेतल्या लग्नसोहळ्यात संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हाही तेच. हवेतला तांदूळ काळ्यासमोरच दिसतो, आभाळासमोर नाही. सूर्य तुझ्या समोर, थोडा बाजूला असेल असं बघ. उजेड दाण्यांच्या मागून आला की प्रत्येक दाणा पेटल्यासारखा दिसतो. शटर 1/500 किंवा त्याहून वेगवान ठेव. आणि भुईकोट किल्ल्याच्या काळ्या दगडी भिंती यात्रा नसतानाही जाऊन बघ. सकाळी ऊन तिरपं असताना दगडावरचा टाकीचा घाव न् घाव दिसतो, दुपारी तीच भिंत सपाट होते.

दुपारचं ऊन टाळावं असं सगळे सांगतात. मी अर्धंच मानतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या उन्हात चेहरा काढू नकोस, डोळ्यांच्या जागी खड्डे येतील. पण गल्लीतल्या छपरांच्या सावल्या, छत्री, सायकलची चाकं, हातगाडीच्या दांड्या, हे सगळं त्याच उन्हात कापून काढल्यासारखं दिसतं. रंगीत फोटोला ते ऊन नकोसं होतं, ब्लॅक अँड व्हाइटला ते पेलतं. आणि पावसाळ्यात आपल्याकडे नुसते येऊन जाणारे ढग असतात ना, पाऊस न देणारे, त्या दिवशी निळी पट्टी खाली ओढून बघ. आभाळ गडद होतं आणि ढग पुढे येतात. रोलच्या जमान्यात त्यासाठी लेन्सवर पिवळी किंवा लाल काच लावायचो.

मागाचा फोटो मला तिन्हींत जास्त आवडला, त्यावर फार लिहावं लागणार नाही. आडव्या पट्ट्या आल्यात त्या ट्यूबमुळे. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, जुनी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. शटर 1/100 किंवा 1/50 ठेव, पट्ट्या जातील. 1/50 वर धोटा पुसट होईल आणि ताणलेले धागे स्थिर राहतील, ते चांगलंच दिसेल. छपरातून उजेडाचा झोत येत असेल तर त्याच्या तिरप्या समोर उभा राहा. हवेतलं कापसाचं तूस चमकायला लागेल. सोबतचा कामगार तुटलेला धागा सांधायला वाकतो तो क्षण बघ. मात्र कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात लोंबता ठेवून चालत्या मागाजवळ जाऊ नकोस. मनगटाला गुंडाळून घे. आणि तुझी पाळी नसेल तेव्हाच काढ.

नवा कॅमेरा नको. आहे तो पुरेसा आहे. पैसे साठलेच तर 50 मिमी 1.8 ची सेकंडहँड लेन्स घे, दाराजवळच्या उजेडात तिचा उपयोग होईल. रोलचा कॅमेरा आत्ता नको. रोल खूप शिकवतो, मी त्यावरच वाढलो. पण प्रत्येक चूक विकत घ्यावी लागते. शिवाय धुण्याचं रसायन साधारण 20 अंशांवर लागतं आणि आपल्याकडे मेमध्ये नळाचं पाणीच हाताला गरम लागतं. आम्ही माठाचं पाणी घ्यायचो, त्यात बर्फ टाकायचो, भांड्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळायचो. तरी एका उन्हाळ्यात माझ्या हातून एका लग्नाचा अख्खा रोल जादा धुतला गेला. निगेटिव्ह इतकं दाट झालं की नवरीच्या शालूवर काहीच उरलं नाही. ते लग्न काही परत होणार नव्हतं. अव्वाच्या फोटोसाठी तो धोका नको. पुढे कधीतरी थंडीत शीक.

दुसऱ्यांचे फोटो बघत जा, पण बघायची रीत बदल. होमाई व्यारावाला आणि सुनील जाना यांचे फोटो शोध. दोघांनीही आपला देश ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपला आणि दोघंही 2012 मध्ये गेले. त्यांचा एखादा फोटो उलटा कर, पाय वर डोकं खाली. माणसं ओळखू येणं थांबलं की काळे-पांढरे आकार दिसायला लागतात. सर्वांत काळं कुठं आहे, सर्वांत पांढरं कुठं, आणि ती दोन एकमेकांना कुठं भिडतात ते बघ. नजर पहिल्यांदा तिथंच जाते. मग तुझा अव्वाचा फोटो उलटा कर. त्यात ती दोन भिडतात ट्यूबच्या पट्टीशी. म्हणून तुझ्या फोटोत सगळे आधी ट्यूब बघतात आणि मग अव्वा.

शेवटचं काम छपाईचं. मोबाईलचा पडदा मागून उजळलेला असतो, त्यावर अंधारही उजळ वाटतो. एडिट करताना पडद्याचा उजेड निम्म्यावर आण. लॅबमध्ये रंगीत कागदावर ब्लॅक अँड व्हाइट छापलं की कधी कधी हिरवट किंवा जांभळट छटा येते. म्हणून आधी एक छोटी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघ, पटली तरच 8 बाय 12 मॅट कागदावर मोठी काढ. दोन काढ. एक तिनं सांगितलेली, नवी साडी नेसून ताठ बसलेली. एक दाराजवळची, सूप मांडीवर घेतलेली. दोन्ही तिच्या हातात दे आणि कोणती भिंतीवर लावायची ते तिला ठरवू दे.

प्रिंटच्या मागे तिचं नाव, तारीख आणि ठिकाण लिही. मऊ पेन्सिलीनं लिही, कागद उपडा घालून, सपाट काचेवर ठेवून. बॉलपेन वापरू नकोस. तो दाबला की पुढच्या बाजूला वळ उठतो, आणि बरेचदा नेमका चेहऱ्यावर.